स्वर्गात गेल्यावर इथलं काही आठवतं का?

प्रश्न : आईच्या दफनविधीत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकाचा २१ वा अध्याय वाचला. घरी आल्यावर एका नातेवाइकांनी यशया ६५:१७ काढून दाखवले, ‘पूर्वीच्या गोष्टी कोणी स्मरणार नाहीत.’ मग आई आता आम्हाला विसरली का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही. मुळात ते वचन आजच्या घडीबद्दल नाहीच. यशया ६५:१७ नव्या आकाशाविषयी आणि नव्या पृथ्वीविषयी बोलते, आणि ती अजून यायची आहेत. विश्वासात निजलेला, म्हणजे मरण पावलेला, माणूस आज ‘ख्रिस्ताजवळ’ आहे (फिलिप्पै १:२३), पुनरुत्थान म्हणजे मृतांचे पुन्हा उठणे पुढे आहे. हे दोन टप्पे एकात मिसळले की असा गोंधळ होतो. अंत्यविधीच्या घरी तर हमखास होतो.

आता वचनाकडे वळू. बोट एक ओळ वर न्या. सोळाव्या वचनाच्या शेवटी पूर्वीची संकटे विसरली गेली असे म्हटले आहे. सतराव्यातल्या ‘पूर्वीच्या गोष्टी’ त्याच. आईची माया आणि मुलांची नावे त्यांत येत नाहीत. शिवाय हिब्रूत ‘आठवणे’ म्हणजे नुसते डोक्यात असणे नव्हे. देवाला नोहाची आठवण झाली (उत्पत्ती ८:१), म्हणजे तोवर तो त्याला विसरला होता असे कोणी म्हणत नाही; आठवण झाली आणि वारा सुटला, पाणी ओसरू लागले. आठवण म्हणजे त्या गोष्टीला पुन्हा हात घालणे. जुन्या दुःखाला असा हात कोणी घालणार नाही, इतकेच यशया सांगतो. याच ग्रंथात ४३:१८ मध्ये पूर्वीच्या गोष्टी आठवू नका असे आहे आणि ४६:९ मध्ये त्या आठवा असेही आहे. एकच वचन उचलून सिद्धांत उभा केला की हे दुसरे अंगावर येते.

आठवण राहते, याला आधार प्रकटीकरण ६:९-११ मध्ये आहे. वेदीखालच्या हुतात्म्यांना आपले रक्त सांडले गेले हे ठाऊक आहे, अजून न्याय झालेला नाही हेही ठाऊक आहे, आणि ‘कोठवर?’ असे ते विचारतात. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण होते (योहान २०:२७), म्हणजे झालेले पुसले गेले नव्हते. आणि देहाने केलेल्या गोष्टींचे फळ प्रत्येकाला मिळणार असेल (२ करिंथ ५:१०), तर त्या गोष्टी आठवल्याशिवाय न्यायाला अर्थ कसला? लूक १६ मधला श्रीमंत माणूसही आपल्या पाच भावांना विसरत नाही, पण तो अधोलोकात आहे आणि गोष्ट दृष्टान्ताच्या ढंगाची आहे. त्यावरून परलोकाचा नकाशा काढू नये.

पाळकसाहेबांनी वाचलेल्या २१:४ मध्ये पहिल्या गोष्टी ‘होऊन गेल्या’ असे आहे. ‘विसरल्या’ असे नाही. अश्रू पुसायचे तर ते कशामुळे आले हे माहीत असावे लागते.

सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीची शिकवण मात्र वेगळी आहे : उपदेशक ९:५ च्या आधारे, पुनरुत्थानापर्यंत मृतांना कसलीच शुद्ध नसते. त्या मंडळीतले नातेवाईक असतील तर वाद घालण्याआधी हा फरक ध्यानात घ्या.

प्रश्न : मग केलेली पापेही आठवणार? तसे असेल तर आनंद कुठला?

उत्तर : हा प्रश्न ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताने पाचव्या शतकात हाताळला. त्याची तोड अजून सरस वाटते. रोग दोन प्रकारे ‘माहीत’ असतो, वैद्याला शिकून आणि रोग्याला भोगून. स्वर्गात भोगण्याची बाजू जाते, जाणण्याची राहते. नाहीतर तारले गेलेले लोक देवाच्या दयेची गाणी कशावरून गाणार? कशातून सोडवले हेच आठवत नसेल तर आभार कसले? ‘त्यांची पापे मी स्मरणार नाही’ (इब्री ८:१२) यातही देवाचे स्मरण नोहाच्या बाबतीत होते तसेच घ्यायचे : तो ती पुन्हा आपल्या माथी मारणार नाही.

प्रश्न : २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही कबरींवर मेणबत्त्या लावतो. ते आम्हाला पाहतात का?
– एक वाचक, वसई

उत्तर : आठवण राहणे आणि वरून रोजचे घरगुती पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी. इब्री १२:१ मधला ‘साक्षीदारांचा मेघ’ नेहमी पुढे केला जातो, पण तिथले साक्षीदार म्हणजे ११ व्या अध्यायातले, विश्वासाची साक्ष देणारे लोक. गॅलरीतले प्रेक्षक नव्हेत. कॅथलिक शिकवणीत संत आपल्यासाठी विनंती करतात आणि शुद्धिस्थानातल्या (स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या) आत्म्यांसाठी आपण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, अर्पण करतो. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत आणि त्यांच्याकडे काही मागतही नाहीत. मेणबत्तीला मात्र दोन्हीकडे सहसा हरकत नसते.