मोंढ्यातल्या पहिल्या चाचणीनंतर

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या हाती तू माल विकण्याच्या ॲपचा कच्चा नमुना दिलास, त्या चाचणीची चित्रफीत आणि टिपण मी सावकाश पाहिले. 'सर्वांना ॲप आवडले' असे टिपणात आहे. चित्रफितीत मात्र मला वेगळेच दिसले आणि ते त्या पसंतीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पांढऱ्या टोपीतल्या काकांचा भाग पुन्हा पाहा, तोही आधी आवाज बंद करून. 'माल किती' या चौकटीत त्यांनी 18 हा आकडा टाकला. त्यांच्या मनात अठरा कट्टे, म्हणजे पोती, होते आणि तुझी चौकट क्विंटल धरून चालली होती. पुढच्या पडद्यावरची रक्कम पाहून त्यांचा अंगठा थबकला, त्यांनी एकवार ट्रॉलीकडे पाहिले आणि मग 'पुढे' दाबले. शेवटी तू विचारलेस, 'काका, सोपं वाटलं ना?' ते म्हणाले, 'चांगलं केलंय की!' आपुलकीने विचारणाऱ्या पोराबाळांचे मन मोडू नये ही आपल्याकडची रीत असल्यामुळे अशा प्रश्नाला दुसरे उत्तर मिळणे अवघड असते. चाचणीचा निष्कर्ष त्या थबकलेल्या अंगठ्यात आहे आणि तुझ्या टिपणात नेमकी त्याचीच नोंद नाही.

पुढच्या खेपेला मत विचारू नकोस, काम दे. 'तुमच्याजवळचा माल आज विकायचा आहे असे समजा आणि मनात येईल ते बोलत बोलत करा,' एवढे सांगून गप्प राहा. मोठ्याने विचार करायला लावण्याची ही पद्धत संगणकाच्या पडद्यांच्या चाचणीसाठी आयबीएम या संगणक कंपनीत क्लेटन लुईस यांनी 1982 मध्ये मांडली आणि आजही पहिल्या नमुन्यासाठी तिच्याइतकी स्वस्त आणि उपयोगी पद्धत मला ठाऊक नाही. 'आता काय दाबू?' असे कोणी विचारले तर 'तुम्हाला काय वाटतं?' असे उलट विचार. दोन ठिकाणी तू 'खाली बघा, हिरवं बटण' असे सांगितले आहेस. ते बटण न सांगता सापडले असते का, हे आता आपल्याला कळणार नाही. समोरचा माणूस अडखळत असताना हात आवरणे कठीण जाते, याची मला जाणीव आहे.

एका शेतकऱ्याने 'ह्यो भाव किती ओलाव्याला?' असे विचारले, ते तू 'विषयाबाहेरचे' म्हणून सोडून दिलेस. मला तो संपूर्ण दिवसातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा एरवी 12 टक्के असते आणि मोंढ्यातला भावही ओलाव्यानुसार खालीवर होतो. तेव्हा एकच भाव दाखवणाऱ्या पडद्यावर त्या माणसाने विश्वास का ठेवावा?

किती जण पुरेत, असे तू विचारले आहेस. अशा चाचण्यांचे अभ्यासक जेकब निल्सन आणि टॉमस लँडावर यांनी 1993 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एका व्यक्तीच्या चाचणीत सरासरी 31 टक्के आणि पाच जणांत सुमारे 85 टक्के अडचणी उघड होतात. मात्र ही सरासरी आहे आणि ते पाच जण एकाच प्रकारचे वापरकर्ते असावे लागतात. शेतकरी, आडते आणि मापाडी यांची कामे निरनिराळी असल्याने त्यांची गणती एकत्र करू नकोस. एकदम वीस जणांना गाठण्यापेक्षा पाच जणांनंतर दुरुस्ती करून नव्या पाच जणांकडे जाणे मला अधिक योग्य वाटते.

दुरुस्तीला बसताना रंग, अक्षरांचा आकार वगैरे मागे ठेव. ज्या चुकीचा वापरकर्त्याला पत्ताच लागत नाही ती आधी घे, म्हणजे कट्ट्यांची. कट्टे आणि एका कट्ट्याचे अंदाजे वजन अशा दोन चौकटी ठेवून खाली क्विंटलमधला हिशेब दाखवता येईल, किंवा काट्याच्या पावतीवरचे वजनच मागता येईल. कोणते बरे, हे इथे बसून ठरवू नकोस. दोन्ही पडदे कागदावर काढ आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी सौद्याआधी, माणसे निवांत असताना, मोंढ्यात घेऊन जा.

तुझा,
एक ज्येष्ठ सहकारी