बाळाच्या औषधाची सिरिंज घेताना

ताई, सुईची सिरिंज नको, तोंडावाटे औषध द्यायचीच मागा. डोस अडीच मिलीचा असेल तर 5 मिलीची घ्या. 10 मिलीच्या सिरिंजवर बारीक माप नीट कळत नाही.

टिकाऊपणा खरा दट्ट्याच्या टोकावर असतो. साधं काळं रबर धुऊन धुऊन चिकट होतं, दट्ट्या अडकत सरकतो आणि मग एकदम पिचकारी उडते. बाळाला ठसका लागतो तो तिथेच. सिलिकॉनची रिंग असलेली जास्त दिवस सुळसुळीत चालते. आकडे पुसट झाले की ती सिरिंज बाद, मग दट्ट्या कितीही चांगला असो. टोपण आधीच फेकून द्या, घशात अडकू शकतं. धुताना दट्ट्या बाहेर काढा, सुटाच वाळवा. औषध गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं सोडा.