मॉरिटानियातले लोक अरब की बर्बर? तिथे नक्की कोणती भाषा चालते?

तुम्ही नोकरीसाठी मॉरिटानियाच्या राजधानीत, नुआकशॉटला, चालला आहात आणि गल्फमध्ये शिकलेली अरबी तिथे चालेल का, असंही विचारलंय. चालेल, पण अडखळत. मी गल्फमध्ये असताना रूमवर एक मॉरिटानियन होता. त्याची पुस्तकी अरबी आमच्या इजिप्शियन साहेबापेक्षा सरस, पण घरी फोनवर बोलायला लागला की साहेबाला ओ की ठो कळायचं नाही.

ती घरची बोली म्हणजे हसानिया, अरबीचंच तिथलं रूप. अरबीत मुळात 'व्ह' हा उच्चार नाही. हसानियात मात्र बहुतेक ठिकाणी 'फ'चा 'व्ह' होतो, त्यामुळे सुरुवातीला कान गोंधळतात. उंट, झाडंझुडपं, वाळूचे प्रकार यांची बरीचशी नावं बर्बरमधून, म्हणजे अरबांच्या आधीपासून उत्तर आफ्रिकेत राहणाऱ्या लोकांच्या भाषेतून आलेली, आणि अद्रार, तगांत ही प्रदेशांची नावंही बर्बरच.

कारण वाळवंटी भागात आधी सनहाजा बर्बर होते. 11व्या शतकात पार स्पेनपर्यंत धडकलेले अल्मोराविद राज्यकर्ते यांच्यातलेच. पुढे उत्तरेकडून बनू हसन या अरब टोळ्या सरकत आल्या आणि 17व्या शतकात दोघांची जुंपली. 'शर बुब्बा' म्हणतात त्या युद्धाला. बर्बर हरले. तेव्हापासून ढोबळमानाने शस्त्र हसनींकडे आणि विद्या 'जवाया' कुळांकडे, अशी वाटणी पक्की झाली. जवाया म्हणजे बहुतांशी हरलेल्या बाजूचे. गंमत बघा, अरबी व्याकरण आणि मालिकी (सुन्नी इस्लामचा एक पंथ) धर्मशास्त्रात त्या देशाचं नाव झालं ते मुख्यतः यांच्यामुळे!

त्यांच्या पाठशाळेला महदरा म्हणतात. पूर्वी ती तंबूतच भरायची आणि मुक्कामाबरोबर हलायची. मुलगा लाकडी फळीवर कोळसा आणि डिंकाच्या शाईने धडा लिहितो, घोकतो, गुरूला म्हणून दाखवतो; मग फळी धुवायची आणि पुढचा धडा. इब्न मालिक या जुन्या अरबी व्याकरणकाराचं हजारेक ओळींचं पद्यबद्ध व्याकरण असंच तोंडपाठ होतं. आपल्या वेदपाठशाळेत वाढलेल्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. 2023 मध्ये युनेस्कोने महदऱ्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आणि जवायांची स्वतःची बर्बर भाषा, जेनागा? ती नैर्ऋत्येला, त्रार्झा भागात, थोड्याशा म्हाताऱ्या माणसांपुरती उरली आहे. 1991 च्या संविधानात अरबी, पुलार, सोनिंके आणि वोलोफ या राष्ट्रीय भाषा आहेत, त्यातली अधिकृत फक्त अरबी. जेनागाचं नावही नाही.

म्हणून 'अरब की बर्बर' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. दक्षिणेतले पुलार, सोनिंके, वोलोफ भाषक त्यात कुठेच बसत नाहीत. शाळांमध्ये अरबी सक्तीची केली तेव्हा, 1966 मध्ये, नुआकशॉटमध्ये दंगली झाल्या. 1989 मध्ये हजारो कृष्णवर्णीय नागरिकांना सेनेगल आणि मालीत हाकलून दिलं गेलं. शिवाय हरातीन आहेत, पूर्वीच्या गुलामांचे वंशज. बोली हसानिया, पण समाजात जागा खालची. गुलामगिरी कागदोपत्री 1981 ला संपली, तो गुन्हा ठरायला 2007 उजाडलं. तिथे गेल्यावर कुणाला 'तुम्ही मूळचे कोण?' असं सहज म्हणून विचारू नका. बर्बर वंशाची अनेक घराणीसुद्धा आपली वंशावळ अरबस्तानापर्यंत नेतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

भाषेचं म्हणाल तर ऑफिसात फ्रेंच लागेलच, ती आत्ताच सुरू करा. हसानिया चहाच्या बैठकीत शिकता येते. चहा तीन पेले असतो, पुदिना आणि भरपूर साखर घालून. करणारा या पेल्यातून त्या पेल्यात उंचावरून ओतत फेस आणत बसतो आणि तेवढ्यात गावभरच्या गप्पा होतात. एक पेला पिऊन उठलात तर यजमानाला बरं वाटत नाही. डायबेटिस असेल तर आधीच सांगून टाका.