फिनलंडची माणसे खरोखरच घुमी असतात का?

प्रश्न : आमची मुलगी हेलसिंकीत नोकरीला असून जानेवारीत आम्ही उभयता तिच्याकडे जाणार आहोत. तेथील माणसे घुमी असतात, शेजाऱ्याशीही बोलत नाहीत, असे सगळेच सांगतात. ते खरे आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणारा पुणेकर जितका खरा, तितकाच हा घुमा फिनिश माणूसही खरा, म्हणजे विनोदापुरता. दुसऱ्याचे बोलणे मध्येच न तोडता ऐकून घेणे आणि सांगण्यासारखे काही नसेल तेव्हा गप्प राहणे, हा तेथे शिष्टाचार समजला जातो. इंग्रजी ‘प्लीज’साठी रोजच्या मराठीत जसा वेगळा शब्द नाही, तसा तो फिनिश भाषेतही नाही; त्यामुळे त्यांचे इंग्रजी कधी तुटक वाटले, तरी त्यात उद्धटपणा शोधू नये.

हीच माणसे सौनात, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घेण्याच्या लाकडी खोलीत, मोकळी होतात. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या या देशात जवळपास ३० लाख सौना आहेत आणि २०२० मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. तेथे बोलावणे आले, तर संकोचून नाकारू नये.

थंडीपेक्षा अंधाराची तयारी ठेवावी, कारण जानेवारीत दिवस सहा ते आठ तासांचाच असतो. घरे उबदार असल्याने एकाच जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येतील असे कपडे न्यावेत. दारात जोडे काढण्याची पद्धत मात्र तेथेही आहे.