सात दिवसांत इटली

प्रश्न : आम्ही दोघे प्रथमच इटलीला जाणार आहोत. आठवड्याभरात रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि मिलान पाहून होईल का? (एक वाचक, दादर)

उत्तर : मिलान या खेपेस वगळावे, असे मी आग्रहाने सांगेन. मुंबईहून रोमला उतरून परतीचे विमान व्हेनिसहून धरल्यास उलटी फेरी वाचते. रोमला तीन रात्री, फ्लॉरेन्सला दोन आणि व्हेनिसला एक पुरे. वेगवान रेल्वेने रोम ते फ्लॉरेन्स सुमारे दीड तास लागतो. व्हॅटिकनची संग्रहालये बहुतेक रविवारी, तर फ्लॉरेन्सचे उफिझी कलासंग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून वार पाहूनच तिकिटे आधी काढावीत. व्हेनिसला मुख्य भूमीवरील मेस्त्रे नव्हे, बेटावरील सांता लुचिया स्थानकावर उतरावे. बाहेर येताच समोर ग्रँड कॅनॉल दिसतो. पुढे मोटारी नाहीत, त्यामुळे पुलांच्या पायऱ्यांवरून स्वतः उचलता येईल एवढीच बॅग न्यावी.