कोड कुठे ठेवायचा ते तिला ठरवू द्या

प्रश्न : माझी मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिंडोरीच्या मामासाठी तिने द्राक्षबागेतल्या फवारण्यांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम केला, तो ओपन सोर्स, म्हणजे कोणीही बघावा-वापरावा असा, आहे. कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहे, पण ती आता कोडबर्ग या तसल्याच दुसऱ्या साइटवर न्यायचा म्हणते. कंपन्या गिटहबच बघतात ना? शिवाय कोणी कोड ढापला तर? मी म्हणतो, प्रायव्हेट करून ठेव. पासवर्ड माझ्याकडेही आहे. गिटहबवर रोजच्या कामाचे हिरवे चौकोन भरतात की नाही ते रात्री बघतो. मध्ये निफाडच्या एका शेतकऱ्याने काहीतरी चूक कळवली होती, पण सबमिशन चालू असल्याने उत्तर देऊ नको म्हटले. मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. योग्य सल्ला द्यावा.
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : भाऊसाहेब, तुमच्या प्रश्नांपेक्षा मी अडकलो ते निफाडच्या शेतकऱ्यापाशी. तिसऱ्या वर्षाचे प्रोजेक्ट मी ढिगानं बघतो. लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट. व्हायव्हा झाली की करणाराही पुन्हा उघडत नाही. तुमच्या मुलीचा प्रोग्रॅम एक अनोळखी माणूस बागेत उभा राहून वापरतोय, चूक सापडेपर्यंत वापरतोय, आणि तुम्ही तिला गप्प बसवलंत! शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, हा हिशेब चुकला तर औषधाचा अंश मण्यात उरतो आणि निर्यातीचा माल तपासणीत अडकतो. चूक तीच आहे की साधी स्पेलिंगची, हे तरी विचारलंत का? तुमच्या कारखान्यात गिऱ्हाइकाची तक्रार आली, तर ऑडिट संपेपर्यंत ती टेबलावर पडून राहते का?

आता चौकोन. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्यात कमिटची, म्हणजे बदलाच्या नोंदीची, तारीख हातानं घालता येते. पाच-दहा ओळींच्या स्क्रिप्टनं अख्खं वर्ष एका दुपारी हिरवं होतं. मुलांना हे माहीत असतं, जाणत्या मुलाखतकारांनाही. रोज रात्री हजेरी घेतलीत तर मुलगी रीडमी या माहितीच्या फाइलमधला स्वल्पविराम काढेल, दुसऱ्या दिवशी परत घालेल, आणि तुम्ही निश्चिंत झोपाल. शिवाय एक लॉगिन एकाच माणसानं वापरायचं, ही गिटहबचीच अट आहे. तिला पासवर्ड बदलू द्या. नवा विचारू नका. वीस वर्षांच्या मुलीची वही बापानं रोज तपासायची नसते.

ढापण्याची भीती मात्र बऱ्याच पालकांना असते, म्हणून सविस्तर सांगतो. कोड उघड्यावर ठेवला म्हणजे मालकी गेली, असं होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. लिहिला त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा, नोंदणी लागत नाही. उलट लायसन्स, म्हणजे वापराच्या अटी, न लावता नुसता टाकलेला कोड इतरांना दिसतो, पण आपल्या कामात वापरायची परवानगी त्यांना नसते. म्हणजे तो ओपन सोर्सच नव्हे. एमआयटी लायसन्स लावलं तर कोणीही वापरावा, विकावाही, फक्त तिची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्स सोबत राहायला हवं. जीपीएल लावलं तर बदल करून दुसऱ्याला देणाऱ्यानं आपला कोडही त्याच अटींवर द्यायचा. कुठल्या साइटवर ठेवलाय याच्या आधी, लायसन्सची फाइल आहे का, हे विचारायला हवं होतं.

राहिली जागा. मुलगी म्हणते त्यात चूक नाही. कोडबर्ग ही बर्लिनची ना-नफा संस्था, मुक्त सॉफ्टवेअरसाठीच चालवलेली. गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचं. मोठ्या कंपनीचं म्हणजे कायमचं, असंही समजू नका. गूगलची अशीच साइट, गूगल कोड, २०१६ मध्ये बंद झाली. गिटची रचनाच अशी की प्रत्येक पूर्ण प्रतीत सगळा इतिहास असतो, त्यामुळे कोड हलवणं अवघड नाही. मागे राहतात त्या तक्रारी आणि त्यांवरच्या चर्चा, कारण त्या गिटमध्ये नसतात, साइटच्या डेटाबेसमध्ये असतात. त्या वेगळ्या आणाव्या लागतात. मुख्य काम कोडबर्गवर आणि गिटहबवर आरसा-प्रत, म्हणजे हुबेहूब नक्कल, असं तिनं केलं तर बायोडेटात दोन्ही पत्ते देता येतील. तक्रारी मात्र एकाच जागी घ्याव्यात.

तसंही द्राक्षवाला शेतकरी यातल्या कुठल्याच साइटवर खातं काढणार नाही. तो मामांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवणार, ‘अहो, ते डाउनी रोगाचं औषध दोनदा दिसतंय’. अशी तक्रार ऐकून, लिहून, क्रमांक देऊन ठेवायची सवय तिला लागली, तर मुलाखतीत बोलायला तेवढंच पुरेसं आहे.

एम.टेक. प्रवेशासाठीची गेट परीक्षा द्यायची असेल तर अभ्यास या उन्हाळ्यात सुरू करावा. त्याबद्दल वेगळं लिहा, किंवा तिलाच लिहू द्या. आज संध्याकाळी मामांकडून त्या शेतकऱ्याचा नंबर घेऊन तिला फोन करू द्या. सबमिशनच्या फायली रात्री जागून उतरवता येतात, सगळे तेच करतात.