जावामध्ये स्कीमा देऊनही पार्सर ‘मूळ एलिमेंटची घोषणा सापडत नाही’ असे का सांगतो?

तुमचा प्रश्न मला असा समजला: पगाराच्या रकमा वळत्या करण्यासाठी तुम्ही आयएसओ २००२२ या बँक-संदेशांच्या आंतरराष्ट्रीय मानकामधील ‘पेन.००१’ प्रकारची एक्सएमएल फाइल तयार करता आणि ती बँकेकडे पाठवण्यापूर्वी जावामध्ये एक्सएसडी स्कीमाशी, म्हणजे फाइलमध्ये कोणते एलिमेंट (टॅगने बांधलेले घटक) कोणत्या क्रमाने असावेत हे सांगणाऱ्या नियमावलीशी, ताडून पाहता. सुरुवातीला तुम्ही डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीवर (फाइल वाचणारा पार्सर तयार करून देणाऱ्या जावाच्या वर्गावर) ‘सेटव्हॅलिडेटिंग’ चालू केले, तेव्हा ‘व्याकरण सापडले नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तरी फाइल मात्र निमूटपणे वाचली गेली. त्यानंतर व्हॅलिडेटर वापरून पाहिला, तर ‘सीव्हीसी-एल्ट.१ : डॉक्युमेंट या एलिमेंटची घोषणा सापडत नाही’ अशी एकच ओळ हाती आली. फाइलमध्ये नेमके काय चुकले आहे, हे तुम्ही विचारले आहे. फाइलमधील मजकूर चुकीचा आहे असे या दोन्ही संदेशांवरून मुळीच ठरत नाही. दोन्ही वेळा पार्सर मजकूर तपासण्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.

पहिल्या संदेशाचे कारण जुने आहे. एक्सएमएल १.० ही शिफारस १९९८ सालची, तर एक्सएसडी २००१ सालची; मधल्या काळात ‘वैधता तपासणे’ याचा अर्थ डीटीडीशी, म्हणजे स्कीमापूर्वीच्या जुन्या नियमावलीशी, ताडून पाहणे एवढाच होता. ‘सेटव्हॅलिडेटिंग’ हे कळसूत्र त्या काळातले असल्यामुळे ते आजही डीटीडीच शोधते. तुमच्या फाइलला डीटीडी नाही, म्हणून ‘व्याकरण सापडले नाही’ आणि ‘मूळ एलिमेंट डॉकटाइपमधील नल या नावाशी जुळत नाही’ अशी जोडगोळी दिसते. वैधतेची चूक ही पार्सरच्या दृष्टीने प्राणघातक नसते. उघडलेला टॅग बंद न होण्यासारखी रचनेची चूक आढळली तर तो थांबतो. वैधतेची चूक मात्र तो एररहँडलरकडे (चुकांची दखल घेणाऱ्या कोडकडे) सोपवून पुढे जातो. तुम्ही स्वतःचा एररहँडलर दिला नसेल, तर मूळचा हँडलर पहिल्या १० चुका पडद्यावर छापतो आणि फाइलवरून तयार केलेले एलिमेंटचे झाड (डॉम) जणू काही घडलेच नाही अशा थाटात तुमच्या हाती देतो. त्यामुळे ते कळसूत्र बंदच ठेवा. स्कीमासाठी जावा ५ पासून उपलब्ध असलेली वेगळी सोय वापरा: स्कीमाफॅक्टरीकडून एकदाच स्कीमा तयार करून घ्या, त्यातून व्हॅलिडेटर मिळवा आणि त्याला फाइल द्या. स्कीमा ही वस्तू अनेक थ्रेडमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या कामांमध्ये) निर्धास्त वापरता येते. व्हॅलिडेटर मात्र प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र हवा.

आता तुमचे खरे दुखणे. स्कीमामध्ये एलिमेंटची ओळख ही नाव आणि नेमस्पेस (ते नाव कोणत्या संचातले आहे हे सांगणारी खूण) अशा जोडीने ठरते. आपल्याकडे एकाच गावात दोन ‘दत्तात्रय पाटील’ असले की वडिलांचे नाव जोडल्याशिवाय पत्र योग्य घरी पोहोचत नाही, तसाच हा प्रकार. ‘डॉक्युमेंट’ हे नाव आयएसओ २००२२ च्या प्रत्येक संदेशात मूळ एलिमेंट म्हणून येते, त्यामुळे तो कोणता संदेश आहे हे केवळ नेमस्पेसवरून कळते. ‘सीव्हीसी-एल्ट.१’ (नव्या जावामध्ये त्याच्या शेवटी ‘ए’ जोडलेला दिसेल) याचा अर्थ एवढाच, की या जोडीचे एलिमेंट मी वाचलेल्या स्कीमामध्ये नाही.

असे होण्याची जी कारणे मी प्रत्यक्ष पाहिली आहेत, त्यांतले सर्वांत फसवे कारण फाइलमध्ये नसतेच. तुम्ही आधी फाइल वाचून डॉम तयार केला आणि तो डॉम व्हॅलिडेटरला दिला असावा, असा माझा तुमच्या वर्णनावरून अंदाज आहे. डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरी मुळात नेमस्पेसकडे लक्ष देतच नाही. ‘सेटनेमस्पेसअवेअर’ मुद्दाम चालू करावे लागते. ते न केल्यास नेमस्पेसची ओळख फाइलमध्ये ठळक दिसत असूनही डॉममधल्या एलिमेंटला ती चिकटत नाही आणि व्हॅलिडेटरला अनोळखी ‘डॉक्युमेंट’ भेटते. माझा सल्ला असा, की डॉमच्या वाटेने जाऊच नका. व्हॅलिडेटरला थेट फाइलचा प्रवाह द्या. त्यात आणखी एक लाभ आहे: चूक कोणत्या ओळीवर आहे, तो क्रमांक मिळतो. डॉम तपासताना त्या जागी उणे एक येतो आणि हजार कर्मचाऱ्यांच्या फाइलमध्ये चूक शोधत बसावे लागते.

दुसरे कारण आवृत्तीचे. या संदेशांच्या नेमस्पेसमध्ये आवृत्ती अंतर्भूत असते. एक नेमस्पेस ‘पेन.००१.००१.०३’ ने संपतो, दुसरा ‘पेन.००१.००१.०९’ ने. मी एकदा जुन्या आवृत्तीच्या फाइली नव्या स्कीमाशी ताडत अर्धा दिवस घालवला, कारण शेवटच्या दोन अंकांकडे डोळे जातच नव्हते. नेमस्पेसची तुलना अक्षराला अक्षर अशी होते. शेवटी एखादी रिकामी जागा राहून गेली तरी ती वेगळी ओळख ठरते. म्हणून मूळ एलिमेंटचा नेमस्पेस चौकटी कंसांत छापून पाहा आणि स्कीमामधील ‘टार्गेटनेमस्पेस’शेजारी ठेवा.

नेमस्पेस हे नाव आहे, पत्ता नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. ‘स्कीमालोकेशन’मध्ये नेमस्पेस आणि फाइलचे ठिकाण अशी जोडी लिहितात, परंतु पार्सरसाठी ती केवळ सूचना असते. स्कीमाच्या फाइली स्वतःच्या प्रकल्पातच ठेवा. डीटीडी आणि स्कीमांसाठी पुन्हा पुन्हा दार ठोठावणाऱ्या प्रणालींमुळे आपल्याकडे दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात, अशी तक्रार एक्सएमएलची मानके ठरवणाऱ्या खुद्द डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००८ साली केली होती. तेथून येणारे उत्तर संथ असेल तर तुमची पगाराची फाइलही तितकाच वेळ अडकेल. शिवाय बाहेरून आलेली फाइल तपासत असाल, तर बाह्य डीटीडी आणि बाह्य स्कीमा यांचा प्रवेश बंद ठेवणे सुरक्षेसाठीही आवश्यक आहे.

ओळख जुळली की खऱ्या चुका दिसू लागतील, त्यामुळे संदेशांची संख्या वाढली म्हणून घाबरू नका. संदेशाचा क्रमांक ३५ ऐवजी ३६ अक्षरांचा झाला, तर एकाच चुकीचे दोन संदेश येतात: एक लांबीबद्दल, दुसरा त्या एलिमेंटची किंमत वैध नसल्याबद्दल. ‘सीव्हीसी-कॉम्प्लेक्स-टाइप.२.४.ए’ दिसल्यास आधी क्रम तपासा; शीर्षभागात व्यवहारांची संख्या आधी आणि एकूण रक्कम नंतर यायला हवी, उलट लिहिल्यास दोन्ही एलिमेंट बरोबर असूनही फाइल अवैध ठरते. स्कीमा लांबी मोजतो ती युनिकोड वर्णांत, हेही देवनागरी नावे लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे: ‘क्षितिज’ डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते, स्कीमासाठी ते सात वर्णांचे असते आणि यूटीएफ-८ मध्ये एकवीस बाइटचे.

शीर्षभागातील एकूण रक्कम ही खालच्या सर्व रकमांच्या बेरजेइतकी आहे का, हे मात्र हा स्कीमा सांगू शकत नाही. एक्सएसडी १.१ मध्ये अशा अटी लिहिण्याची सोय २०१२ साली आली, पण जावासोबत येणारा व्हॅलिडेटर १.० वरच थांबलेला आहे. ती बेरीज आणि व्यवहारांची मोजणी तुम्हाला स्कीमाच्या तपासणीनंतर स्वतःच्या कोडमध्ये करावी लागेल. बेरजेसाठी अपूर्णांक अंदाजे साठवणारा ‘डबल’ न वापरता ते अचूक साठवणारा ‘बिगडेसिमल’ वापरा.